पुसापुस

अस्वलाच्या डाव्या डोळ्यात माझा भाऊ उभा होता. आधी मला वाटलं, कचरा आहे. जनावरांच्या डोळ्यांत कचरा असतोच, कुसळ असतं, माशी असते, कधी नुसताच ढगाचा तुकडा असतो, आणि तो काढण्याचाच मला पगार मिळतो. म्हणून मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, ब्रश टेकवणार तेवढ्यात त्या कचऱ्याला दोन कोपरं फुटली. कोपरं बाहेर काढून, दोन्ही हातांनी तोंडासमोर काहीतरी धरून, पाय फाकून उभा असलेला माणूस. असली कोपरं आमच्या घरात एकाचीच. जेवायला बसला तरी शेजारच्याच्या बरगडीत जातात. डोक्यावर मीच विणलेली टोपी, तिचा गोंडा एका बाजूला कललेला, कारण तो मी नीट मधोमध शिवला नव्हता. मी खुर्ची मागे सरकवली. सकाळचे अकरा वाजून गेले होते, पलीकडे छपाईचं मशीन धडधडत होतं, माझ्या टेबलावरच्या चहावर साय आली होती, आणि मला एकदम लहान मुलासारखं वाटलं की पडद्यावरची ती खिडकी बंद केली तर टिल्लूला काही होणार नाही. मी ती बंदही केली. मग लगेच उघडली.

टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता सहा फूट उंच आहे, एका मुलीचा बाप आहे, चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, तरी टिल्लूच. वर्षातून तीनदा रजा घेतो आणि जंगलात जातो. कशाला, तर फोटो काढायला. त्याने काढलेली अस्वलं आमच्या कॅलेंडरात लागतात, कारण मी या छापखान्यात टचिंग करते, म्हणजे चित्रं साफसूफ करते, आणि मालक म्हणतात, घरचाच माणूस आहे, नाही म्हणणार नाही. फाइल त्याने सकाळी पाठवली होती, सोबत दोन ओळी. ‘ताई, कसलं निवांत आहे बघ. दुपारी परत जातोय, याच्याहून जवळून मिळेल, कव्हर आपलंच.’ साडेनऊला मी हे वाचलं आणि स्वतःशीच म्हटलं, आला मोठा कव्हरवाला. आणि कामाला लागले.

आता तेच वाक्य मी पुन्हा वाचलं. याच्याहून जवळून. बावीस वर्षं मी जनावरांचे डोळे साफ करतेय, आणि लांबून काढलेल्या चित्रात डोळ्यात आभाळ दिसतं, फार तर क्षितिजाची रेघ दिसते. माणूस दिसत नाही. माणसांच्या डोळ्यांत मात्र माणूस दिसतो. त्याआधी सहा वर्षं मी एका स्टुडिओत होते, पासपोर्टचे फोटो, लग्नाळू मुलींचे फोटो, आणि तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बुबुळात आमचा फोटोग्राफर उभा असायचा, पोट सुटलेला, एक पाय स्टुलावर. तो चार पावलांवर उभा राहायचा तेव्हा त्याची मिशीसुद्धा ओळखू यायची. त्या हिशेबाने मी टिल्लूचं अंतर काढायला लागले. टोपी ओळखू येतेय. गोंडा दिसतोय. अस्वलाचा डोळा माणसाच्या डोळ्याहून काही मोठा नसतो. आठ पावलं. स्वतःची समजूत घालायची म्हणून दहा धरली. दहा पावलं म्हणजे आमच्या खोलीच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत. मी दाराकडे पाहिलं. तिथे कागदाचे गठ्ठे होते, कंबरेएवढे, त्यांच्यावर करडं कापड टाकलेलं, आणि मला त्यांच्याकडे पाठ करून बसवेना. मी खुर्ची वळवून भिंतीला पाठ लावून बसले. पन्नाशीची बाई, कागदाच्या गठ्ठ्याला घाबरतेय. कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होते देव जाणे.

त्याचा फोन लागेना. लागणार नव्हताच, तिथे फक्त एका टेकाडावर रेंज येते, त्यानेच सांगितलं होतं, पण मी लावत राहिले. मग भावजयीला लावला. ती दवाखान्यात कागदपत्रं बघते, तिच्यामागे कोणाचं तरी तान्हं रडत होतं. मी विचारलं, लांब पल्ल्याची लेन्स नेलीय ना त्याने? ती म्हणाली, "नाही हो ताई. ती कपाटात आहे. जड पडते म्हणाला." मी म्हटलं, अगं मग तू काही बोलली नाहीस? ती म्हणाली, "मी काय बोलणार? तुम्हीच म्हणालात ना मागच्या खेपेला, लांबून काढलेली अस्वलं म्हणजे पासपोर्टचे फोटो वाटतात म्हणून. ते लागलंय त्याला. तुम्ही बोललेलं त्याला लागत नाही असं कधी झालंय का?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. मी खरंच तसं म्हटलं होतं. जेवायला बसलो होतो, सगळे हसले होते, मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनीच खोड. तिने मला वनखात्याच्या चौकीचा नंबर दिला, त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला होता, तो तिला पाठ होता. म्हणजे तीही कधीतरी त्या नंबराकडे बघत उभी राहत असणार, हे मला तेव्हा कळलं.

लहानपणी तो असाच सगळ्याच्या जवळ जायचा. भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल ठेवून वर चढायचा, किती वाजले ते बघायला. पुस्तक नाकाला लावायचा. दुकानाच्या पाटीखाली जाऊन मान वर करून उभा राहायचा, लोक त्याला वळसा घालून जायचे. मी त्याला ‘नाकाने वाचतो’ म्हणून चिडवायची, गल्लीतल्या सगळ्या पोरांना तेच शिकवलं होतं मी. आईला वाटायचं, पोरगं जिज्ञासू आहे. शाळेत डोळे तपासायला माणूस आला तेव्हा कळलं की त्याला चार हातांपलीकडचं काही दिसतच नव्हतं. चष्मा लावून घरी आला त्या दिवशी तो गच्चीत उभा राहून समोरच्या झाडाची पानं मोजत होता, आणि मी जिन्यात बसून रडले होते, कोणाला न सांगता. पण सवय काही गेली नाही. चष्मा लागला तरी गोष्ट जवळ गेल्याशिवाय त्याला खरी वाटत नाही. हे मला ठाऊक होतं, सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं, आणि मी त्याच्या फोटोंना पासपोर्टचे म्हणाले.

चौकीवर एक वनरक्षक बाई होत्या, घोगऱ्या आवाजाच्या. त्यांना असले फोन रोज येत असावेत. "अस्वल किती लांब होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठ-दहा पावलं. "तुम्ही होता तिथे?" नाही, मी म्हटलं, डोळ्यात दिसतंय. "कोणाच्या डोळ्यात?" अस्वलाच्या. "बाई," त्या म्हणाल्या, "आधी पाणी प्या. मग सांगा." मी सांगितलं, जमेल तसं, आणि त्या मध्ये मध्ये हं हं करत राहिल्या. मग त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. "फोटो समोर आहे तुमच्या? कान बघा. मागे डोक्याला चिकटलेत की उभे आहेत?" मी पाहिलं. उभे आहेत, मी म्हटलं. "तोंडातून लाळ? ओठाखाली धागे लोंबताहेत का?" मी तोंड मोठं करून पाहिलं, अगदी ओठाच्या कडेपर्यंत. नाही, स्वच्छ आहे. "मग इतकं घाबरू नका. अंतर चूकच आहे, आले की मी त्यांना चांगली झापते, पण जनावर तापलेलं नाही. संध्याकाळी आमची फेरी जाते त्या बाजूला, तेव्हा सांगते." मी त्यांचे आभार मानले. दोनदा मानले. फोन ठेवल्यावर माझे हात इतके हलके झाले की मी गार चहा सायीसकट पिऊन टाकला. डबा आणलाय का, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं तर मी हसून काहीतरी उत्तरसुद्धा दिलं.

मग मालक आले. मालक वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त कॅलेंडर कुठे लागतं ते कळतं. लोक ते स्वयंपाकघरात लावतात, वर्षभर त्याच्यासमोर जेवतात, म्हणून चित्रात किळस नको, भीती नको, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. माझ्या खांद्यावरून वाकून ते म्हणाले, "वा. हेच कव्हर. डोळ्यात काय आहे ते तेवढं काढा, बाकी छान केलंय तुम्ही." गेले. मी मान हलवली आणि पडद्याकडे वळले. छान केलंय तुम्ही. मी काय केलं होतं? मी अजून काहीच केलं नव्हतं, डोळ्यापाशीच अडले होते. आमच्या कामात मूळ चित्राला हात लावत नाहीत, त्याच्यावर काचेसारखा एक थर ठेवतात आणि सगळी पुसापुस त्या थरावर होते. थर आहे की नाही हे बाजूला एका कोपऱ्यात दिसतं. मी तिकडे पाहिलं. थर होता. मी तो उचलला.

दोन धागे होते. खालच्या ओठाच्या दोन्ही बाजूंनी निघालेले, एक छातीच्या केसांपर्यंत पोचलेला, उन्हात चमकणारा. कान डोक्याला सपाट चिकटलेले, इतके की कान नाहीतच असं वाटावं. सकाळी साडेनऊला, चहा यायच्या आधी, मी ते धागे पुसले होते आणि कान उचलून बसवले होते, दुसऱ्या एका अस्वलाचे कान, आमच्याकडे त्यांचा साठा असतो. माझ्या हातांनी ते मला न विचारता केलं होतं. नळ बंद करावा, दिवा मालवावा तसं. आणि अर्ध्या तासापूर्वी त्या बाईंना मी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं, लाळ नाही, कान उभे आहेत. पाचावर धारण बसणं म्हणतात ते मी आयुष्यभर बोलण्यात वापरत आले. ते कसं असतं ते त्या खुर्चीत कळलं.

मी पुन्हा चौकीला फोन लावला. "मघाशी तुम्हीच नाही म्हणालात," वनरक्षक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मी पुसली होती. "काय पुसलं होतं?" लाळ. लाळ मी पुसली होती, कान मी वर केले होते, माझं कामच ते आहे, कॅलेंडरसाठी. त्या म्हणाल्या, "कशासाठी पण?" इतक्या साधेपणाने विचारलं, जणू मी उत्तर देईन आणि त्यांना पटेल. "जीप काढायला सांगते," त्या म्हणाल्या. "पावणेदोन तास लागतील, रस्ता तसाच आहे. भावाचा फोन लागला तर एवढंच सांगा. पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. हळूहळू मागे, बोलत बोलत, खालच्या आवाजात. आणि ते दात आपटायला लागलं, टक् टक् असं, तर मग..." तर मग काय, मी विचारलं. "ते त्याचं शेवटचं सांगणं असतं, बाई. त्याच्यापुढे ते सांगत नाही."

साडेबारा. एक. डबा मी उघडला नाही. मी जिन्यात जाऊन उभी राहिले, कारण तिथे कोणी येत नाही आणि दोन्हीकडे भिंत आहे. तिथे मला टिल्लूच्या घरातली बैठकीची खोली आठवली, आणि नको ते कळलं. त्या खोलीत एका भिंतीवर अकरा अस्वलं आहेत. आमच्याच कॅलेंडरांची पानं, चौकटीत लावलेली, त्याने दुकानातल्या काचा कापून स्वतः बनवलेल्या. माणसाने मूळ फोटो लावावेत की नाही? पण त्याला छापलेले आवडतात, त्यात ताईचा हात लागलेला असतो म्हणे. दर रविवारी तो पोरीला मांडीवर घेऊन त्या भिंतीसमोर बसतो. हे रागावलंय का? पोरगी म्हणते, नाही. कशावरून? कान वर, तोंड कोरडं. आणि हे? हेही नाही. कान वर, तोंड कोरडं. मी तिथे सोफ्यावर बसून हे ऐकलंय, किती वेळा, बिस्किटं खात. पोरगी हुशार आहे, म्हटलंय. अकराच्या अकरा अस्वलांचे कान मी उचललेले. अकरांची तोंडं मी पुसलेली. जंगलात त्याच्यासमोर जे उभं राहिलं होतं ते तापलेलंच होतं, प्रत्येक वेळी, आणि तो घरी येऊन भिंतीवरच्या माझ्या चित्रात बघायचा की ते निवांत होतं. दर वर्षी एक पाऊल पुढे जायला त्याला मीच शिकवलं, घरबसल्या, पंख्याखाली. आणि नामानिराळी राहून वर काळजीही करायची, फोन करायचा, पोचलास का, खाल्लंस का, टोपी घातलीस का.

मी जिन्यात उभ्या उभ्या त्याला फोन लावत होते. बोट आपलं आपण चालत होतं. प्रत्येक वेळी फोनमधली ती बाई तेच सांगायची, संपर्काच्या बाहेर, आणि मला तिचा राग येत होता, जणू तीच त्याला आत घेऊन बसलीय. मी देवाला काही बोलले नाही, मला तोंड नव्हतं. मी फक्त मनात जीप चालवत होते. वळण, चढ, खड्डा. ती वेगाने गेली असती तर आता नाक्यावर असती. कोणीतरी खालून वर आलं, माझ्याकडे बघून म्हणालं, बरं नाही का, आणि मी म्हटलं, नाही, रेंज बघतेय.

सव्वादोनला फोन वाजला. त्याचं नाव.

"ताई, सव्वीस मिस्ड कॉल," तो म्हणाला, अगदी हळू. "कोण गेलं?"

कोणी नाही, मी म्हटलं. टिल्लू, तू कुठे आहेस?

"टेकाडावर. म्हणून तर लागला. हळू बोल, समोरच आहे. कालचंच. वर येऊन बसलंय, वीस पावलं असेल. तू फोन ठेव, मी नंतर..."

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "ऐक. मध्ये बोलू नकोस. त्याच्या तोंडाला लाळ आहे का?"

"असेल की. नेहमीच असते."

"भिंतीवरच्यांना का नाही मग?"

त्याने विचार केला नाही. तो हसल्यासारखा म्हणाला, "ती निवांत असताना काढलेली आहेत. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर काय कळतं, छापून येतात तेव्हा दिसतं ना."

"मी पुसते," मी म्हटलं. "टिल्लू, मी पुसते लाळ. कानही मीच वर करते. त्या अकरांतलं एकही निवांत नव्हतं. तुला कळतंय का मी काय म्हणतेय? ती सगळी तुला सांगत होती की मागे हो, आणि ते मी पुसून टाकलं. कालच्याचंही पुसलं. सकाळी."

वाऱ्याचा आवाज येत होता. मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी वाट बघत होते की त्याने माझ्यावर चिडावं, ओरडावं, फोन आपटावा आणि तिथून निघून यावं. मग त्याने जो आवाज काढला तो मी त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"ताई, त्याचे कान दिसत नाहीयेत मला."

"मागे सर," मी म्हटलं. "पळू नकोस. पाठ करू नकोस. त्याच्या डोळ्यात बघू नकोस. हळूहळू, एक एक पाऊल. बोलत राहा, माझ्याशी बोल, काहीही बोल. जीप येतेय, निघालीय, पोचेलच आता."

"बरं," तो म्हणाला. "दोन्ही हात मोकळे हवेत. तुला खिशात ठेवतो. फोन ठेवू नकोस हां."

मग कापडाची खसखस आली. त्याचा श्वास आला, जवळून, आणि दगडावर घासलेला बूट. तो बोलत होता, शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता, पोरीला झोपवताना असतो तसा. एक पाऊल. थांबणं. एक पाऊल. मी जिन्याच्या भिंतीला कपाळ टेकून ती मोजत होते. पाच झाली. सहा. मग खडी घसरल्याचा आवाज आला आणि त्याचं बोलणं थांबलं. श्वासही ऐकू येईना. आणि त्या शांततेत, स्पष्ट, टक्.

मी त्याला ओळखते. मरायला टेकला तरी तो एक फोटो काढेल, तसलंच ते कार्टं आहे, गळ्यात कॅमेरा लोंबत असणार, हात गेला असेल सवयीने. टक्, पुन्हा. मी त्याच्या खिशातून त्याला हाक मारत होते आणि माझी हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. ते टक् कॅमेऱ्याचं असू दे, मी म्हणत होते. काढू दे त्याला, हवे तेवढे काढू दे, जवळून काढू दे, मी सगळे कव्हरला लावीन. टक्. टक्. फक्त तो कॅमेरा असू दे.